चामडं उंबऱ्याबाहेर

रत्नप्रभा रस्त्यावर चालायची आणि घरात सरपटायची. जयपूरच्या बनी पार्कातल्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या अंगवळणीही पडलं होतं. दुसऱ्याचे हाल अंगवळणी पडायला माणसाला फारसा वेळ लागत नाही.

तिचा उजवा पाय पोलिओनं गेला तेव्हा ती चार वर्षांची होती आणि बिऱ्हाड सांगलीला होतं. पुढे तिचे वडील वसंतराव केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून बदलून जयपूरला आले आणि तिथलेच झाले. त्रेपन्न साली त्यांनी आयुष्यातलं एकुलतं एक धाडस केलं. बायकोला न विचारता रजा टाकली, पंधरा वर्षांच्या रत्नाला पुण्याला नेलं आणि तिच्या पायाला कॅलिपर करून घेतला. मांडीपासून टाचेपर्यंत दोन पोलादी सळया, चामड्याचे पट्टे, आणि खाली सळया ज्यात अडकवायच्या तो जाड चामडी बूट. तो चढवून ती उभी राहिली तेव्हा समोरच्या डॉक्टरांच्या टकलावर तिची नजर गेली. एवढी वर्षं तिनं माणसांच्या हनुवट्याच पाहिल्या होत्या. तिला हसू फुटलं आणि मग रडू.

जयपूरला टांग्यातून उतरून ती आपल्या पायांनी दारापर्यंत आली. आई, विजयमालाबाई, भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी लेकीवरून तो ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता ते काढ. चामडं उंबऱ्याच्या आत नको."

"पण आई, ते काढलं तर मला—"

"घरात देव आहेत. तुझे बाबासुद्धा बूट दाराशी काढूनच येतात. तुला वेगळा न्याय कशाला?"

न्याय अगदी चोख होता. वसंतराव बूट काढून दोन पायांवर आत जात. रत्ना बूट काढून खाली बसे आणि हाताच्या तळव्यांवर रेटा देत, ढुंगणावर सरकत आत जाई. वसंतरावांनी त्या दिवशी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यांचं धाडस पुण्यालाच संपून आलं होतं.

तेव्हापासून कॅलिपर व्हरांड्यात छत्रीशेजारी उभा असे आणि रत्ना घरात जमिनीवर. तिकडच्या घरांची जमीन दगडी पट्ट्यांची. थंडीत बर्फ, उन्हाळ्यात तवा. तिच्या तळहातांना टाचेसारखी जाड कातडी आली. विजयमालाबाईंनी मात्र तिची सोय बघितली हो! सगळे डबे खालच्या फळीवर आणले, चूल जमिनीवर ठेवली, पाट, पोळपाट, विळी तिच्या हाताशी मांडली. हळूहळू दोन्ही वेळचा स्वयंपाक रत्नाकडे आला. "बसल्या बसल्या जमतं तिला सगळं," त्या कौतुकानं शेजारणींना सांगत. आपण लेकीवर अन्याय करतो आहोत असं त्या बाईला एकदाही वाटलं नसेल, आणि याचाच मला जास्त राग येतो.

बाहेर रत्ना वेगळीच होती. मॅट्रिक झाली, शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत लागली. खडूनं फळ्याच्या अगदी वरच्या टोकापासून लिहायची. जिने चढायची, प्रार्थनेला शेवटपर्यंत उभी राहायची. मुली तिला रत्ना बहनजी म्हणत आणि तिच्या बुटाचा आवाज आला की वर्गात चिडीचूप होई. या आवाजाचं तिला वेड होतं. तो आवाज आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरात वाजावा, एवढंच तिला हवं होतं. लग्नाबिग्नाचं स्वप्न तिनं पाहिलं नाही. स्वतःच्या घरात उभं राहायचं, बस्स.

शाळेतली विभा नावाची शिक्षिका, तीही मराठी घरातली, एकदा न सांगता घरी आली. रत्ना आत तांदूळ निवडत होती. तिनं आईला हातानं खूण केली, नाही म्हणून सांग. विजयमालाबाई दारातूनच ओरडल्या, "अगं रत्ना, तुझी मैत्रीण आलीय. सरकत ये बाहेर!"

रत्ना सरकत आली. विभानं खाली पाहिलं, मग घाईघाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यावर तिनं रत्नाचा दंड धरला. त्याआधी कधी धरला नव्हता. "राहू दे," रत्ना म्हणाली, पण विभा सोडेना. दयेची पकड भलती घट्ट असते.

त्या थंडीत रत्नानं ठरवलं, चामडंच नको ना, मग चामडं नाही. घरातली एक जुनी जयपुरी रजई उसवली. तिच्या कापडाचे थरावर थर घालून बूट शिवला. सुताराकडून लाकडी तळ करून घेतला, त्याला सळया अडकवायला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली. मांडीचे चामडी पट्टे काढून खाटेची नवार लावली. सुया मोडल्या, बोटं सोलली, पण बूट उभा राहिला. संध्याकाळी तिनं तो आईपुढे ठेवला.

"हात लावून बघ. सुताचा धागासुद्धा देवाच्या वातीचा आहे."

विजयमालाबाईंनी बूट उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला. दोष काढायला काही सापडेना. "बघू उद्या," त्या म्हणाल्या.

रत्ना रात्रभर उद्याची वाट बघत पडली. सकाळी उठली तर बंब पेटलेला होता आणि आई त्यात चिमट्यानं काहीतरी आत लोटत होती. लाकडी तळ छान धगधगत होता.

"चिंध्यांचं बोचकं वाटलं गं मला," विजयमालाबाई म्हणाल्या. "आणि हे बघ, घरात लोखंड खटखटवत फिरायला काय कारखाना आहे? घरात तुला कमी काय आहे?"

रत्ना वडिलांकडे वळली. वसंतराव खांद्यावर पंचा टाकून अंघोळीला थांबले होते. "आईला उगीच डिवचू नये, बाळ," ते म्हणाले आणि न्हाणीत गेले. त्या दिवशी पाणी चांगलं कढत तापलं होतं.

दोन वर्षांनी त्याच न्हाणीत विजयमालाबाई घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. कितीतरी महिने पायाला वजन बांधून खाटेवर पडून होत्या. त्यांचं सगळं रत्नानं केलं. भांडं दिलं, काढलं, अंग पुसलं, आणि हे सगळं जमिनीवरून, हात वर करकरून. हाड जुळलं, पण कमरेतून जोर गेला. डॉक्टरांनी कुबड्या सांगितल्या. वसंतराव बाजारातून शिसवी कुबड्यांचा जोड घेऊन आले. बगलेत रुतू नयेत म्हणून वर कापूस भरून मऊ गाद्या शिवल्या होत्या.

विजयमालाबाई कुबड्यांवर उभ्या राहिल्या. खोलीभर फिरल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि हात जोडायला म्हणून कुबड्या देवघराला टेकवून ठेवल्या. खाली बसून त्यांचं ताट वाढणाऱ्या रत्नाच्या नाकात वास शिरला. तो वास तिच्याइतका कोणाला कळणार? तिनं गादीवरून बोट फिरवलं.

"आई, हे चामडं आहे."

"असेना."

"देवघराला टेकलंय."

"आजारपणाला दोष नसतो. शास्त्रातच आहे तसं."

"मग माझं काय, आई?"

विजयमालाबाईंना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. त्यांनी लेकीकडे नवलानं पाहिलं आणि समजावून सांगितलं, "अगं, मी आजारी आहे. तू काय आजारी आहेस? तू तर अशीच आहेस."

रत्ना सरकत व्हरांड्यात गेली. बसून कॅलिपर चढवला, एकेक पट्टा आवळला, भिंतीला धरून उठली आणि उंबरा ओलांडून आत आली. खट, खट, खट. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर. सव्वीस वर्षांची बाई आपल्याच घरात पहिल्यांदा चालत होती. ओट्यावरच्या फळ्यांतला सगळ्यात वरचा कप्पा तिला दिसला, त्यावर धुळीत पडलेली पितळी झारी दिसली. तिनं ती हात वर करून सहज काढली.

विजयमालाबाई ओरडल्या नाहीत. आदळआपट केली नाही. एव्हाना त्या पाटावर बसल्या होत्या, समोर रत्नानंच वाढलेलं ताट होतं. ते त्यांनी शांतपणे पुढे सरकवलं.

"स्वयंपाक विटाळला. मला नको." मग नवऱ्याला हाक मारली, "अहो, डॉक्टरांनी औषध जेवणानंतर सांगितलंय. आता कशानंतर घेऊ?"

वसंतराव उठून आले. त्यांनी पाटावरच्या बायकोकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि रत्नाला दारापाशी घेऊन गेले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, हे कबूल केलंच पाहिजे. रडायला ते कधी मागे नसत.

"बाळ, तू शहाणी आहेस. ती उपाशी राहील. काढ ते."

"नाही, बाबा."

"मग मी काढतो," असं म्हणून ते तिच्या पायाशी वाकले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या कॅलिपरला हात लावला नव्हता. वयात आलेल्या मुलीच्या पायाला बापानं कसा हात लावायचा! गुडघ्याशी दोन्ही सळयांवर एकेक कडी असते. ती खाली ओढलेली असते तोवर पाय सरळ राहतो आणि माणूस उभा राहतो. त्या कड्या बसल्यावरच उघडायच्या असतात.

"बाबा, कड्यांना हात लावू नका," रत्ना चौकट धरून म्हणाली. "मला आधी बसू द्या. बाबा!"

वसंतरावांना घाई होती. आत ताट निवत होतं. त्यांनी दोन्ही कड्या एकदम वर ओढल्या.

गुडघा दुमडला आणि रत्ना होती तिथं उंबऱ्यावर कोसळली. झारी घरंगळत पार भिंतीपर्यंत गेली.

"बसली का?" आतून विजयमालाबाईंनी विचारलं.

वसंतरावांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या ओठातून रक्त येत होतं. ते हळूच तिचा बूट काढू लागले.

"हो," ते म्हणाले, "बसली. तू जेवून घे."