कंपनीसाठी शहर बघायला दोन बाप गेले

आमच्या कंपनीनं कुठल्या शहरात बसायचं, यावर धाराशिवात ज्याला त्याला मत होतं. कंपनी म्हणजे काय, तर मी, माझी मैत्रीण, दोघींचे लॅपटॉप आणि आमच्या घरात अम्मीच्या शिलाई मशीनशेजारचं टेबल. उमरग्याच्या दवाखान्यांत खेड्यापाड्यांतून, पार कर्नाटकातून पेशंट येतात आणि नंबर लावायला पहाटेपासून पायरीवर बसतात. तो नंबर घरबसल्या फोनवरून लागावा असं ॲप आम्ही केलं होतं, आणि ते चालत होतं. पुण्यातला एक गृहस्थ त्यात पैसे घालायला तयार झाला, पण ऑफिस मोठ्या शहरात हवं ही त्याची अट. धाराशिवचा पत्ता बघून पुढं कुणी पैसे घालत नाही, म्हणाला. मला राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता.

उंटावरचे शहाणे लगेच जमा झाले. कुणी बेंगळुरू म्हणे, कुणी हैदराबाद. आम्हीही भाडं, इंजिनिअर, विमानतळ असं काय काय तोलून पाहिलं. पण आमच्याकडं मुलीचं शहर असं ठरत नाही. तिथं आपलं माणूस आहे का, एवढाच प्रश्न असतो. माझी खाला हैदराबादला, मामू सोलापूरला. मैत्रीण तेरच्या शेतकऱ्याची मुलगी; तिचा चुलतभाऊ पुण्यात, आत्या लातूरला. दोघींना चालेल असं एकही शहर निघेना.

शेवटी अब्बाच नरमले. कोर्टासमोर त्यांचं टायपिंगचं टेबल आहे. सगळा जन्म प्रतिज्ञापत्रं आणि भाडेकरार टाइप करण्यात गेला. दोघी एकत्र राहणार असतील तर पुणे चालेल, पण घर आम्ही बघणार, असं ते म्हणाले. मैत्रिणीचे वडीलही कबूल झाले. स्टार्टअपचं शहर बघायला दोन बाप एसटीनं निघाले, याचं आम्हा दोघींना लई हसू आलं होतं. अब्बांनी भाडेकरार इथूनच टाइप करून नेला. त्यात भाडेकरू म्हणून दोघींची नावं एकाखाली एक, मालकाचं नाव आणि पत्ता तेवढा रिकामा. घर पसंत पडलं की तिथल्या तिथं सह्या, खेपा नकोत, असा त्यांचा हिशेब. जाताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं परत आले. मैत्रिणीच्या वडिलांनी अब्बांना दारापर्यंत सोडलं आणि चहालाही थांबले नाहीत. एरवी ईदला शीरखुर्मा दोनदा मागून घेणारा हा माणूस. "लई गर्दी हाय वो तिथं," अम्मीकडं न बघता ते म्हणाले, "पोरींचं काम न्हाय." अब्बा चपला काढत खाली बघूनच बोलले, "नको बेटा. पुना अपने काम का नै."

मी भांडले, रडले, जेवणावर राग काढला. तुम्हाला मुलगी शिकवायची होती, पाठवायची नव्हती, असं तोंडावर बोलले. अम्मीही त्यांनाच बोलली.

महिन्याभरानं मैत्रिणीच्या वडिलांचं मन पालटलं. तिला पुण्यात खोली मिळाली, कंपनी तिच्यासोबत गेली, आणि मी अम्मीच्या मशीनशेजारी राहिले. "तू तिथनं काम कर, काय फरक पडतोय?" ती म्हणाली. तिच्या मनात कपट नव्हतं. फरक मात्र रोज पडत होता. त्या पैसेवाल्या गृहस्थाबरोबरच्या बैठकांना ती जायची आणि ठरलेलं मला संध्याकाळी कळायचं. हळूहळू माझ्याकडं उमरग्याच्या दवाखान्यांचे तक्रारीचे फोन तेवढे उरले.

एका रविवारी दुपारी तिनं व्हिडिओ कॉल केला. ती राहायची त्याच घरावर ऑफिसची पाटी लागली होती, ती दाखवायची होती. फाटकापासून फोन फिरवत ती आत गेली: बाहेरून चढणारा जिना, ओसरीत पितळी कड्यांचा झोपाळा, कठड्यावर कोरफडीच्या कुंड्या. अब्बा माझ्या मागून पाणी प्यायला चालले होते. ते थांबले. त्यांचा चेहरा बघून मी माझ्याकडचा आवाज बंद केला.

"ये वोइच घर है," ते म्हणाले.

मग उभ्या उभ्याच सांगितलं. मालकांनी दोघांना झोपाळ्यावर बसवलं, चहा मागवला. शेतीची चौकशी केली, तेरच्या नदीला पाणी आहे का विचारलं. करार हातात घेतल्यावर पहिलं नाव वाचून हसले, दुसऱ्या नावावर थांबले. खोली भाच्यासाठी ठेवायची राहूनच गेली होती, म्हणाले. उठताना मैत्रिणीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या एकट्या मुलीचं असेल तर कळवा. आणखी दोन ठिकाणी असंच झालं. परतीच्या एसटीत दोघं एका बाकावर बसले आणि पोरींना काही सांगायचं नाही असं ठरलं. "तुम दोनों की दोस्ती थी," अब्बा म्हणाले.

अब्बांबरोबर तसं ठरवून, महिन्याभरात त्याच दारात जाऊन, फक्त आपल्या मुलीची सही देऊन आलेल्या त्या माणसाचा मला संताप आला. पुण्यात दुसरी घरं नव्हती असं थोडंच आहे? तिला सगळं सांगून टाकावं असं वाटलं. तिनं काय केलं असतं? कदाचित त्याच दिवशी खोली सोडली असती. कदाचित नसती सोडली. ते मला बघायचं नव्हतं.

मी आवाज सुरू केला. "चाचा काय म्हणाले गं?" तिनं विचारलं.

"घर छान आहे म्हणाले."

"मग तुला का पाठवत न्हाईत?"

"जुन्या वळणाचे आहेत," मी म्हणाले.

अब्बा माझ्या खांद्यामागून पडद्यावर दिसत होते. त्यांनी तिच्याकडं बघून हसत मान हलवली, व्हय म्हणून.