ती बाटली मी धुतली

काल शैलाताई गेल्या. आमच्या घरात तीस वर्षं त्यांना ज्या शिव्या बसल्या, त्या मला बसायला हव्या होत्या.

शैलाताई जेसल पार्कजवळच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट.

माझी बायको निर्मला चुकीच्या रिपोर्टमुळे गेली, असं आमचे सगळे नातेवाईक धरून चालतात.

तसं झालेलं नाही. काय झालं ते लिहितो. शिक्षण सातवी, चुका सांभाळून घ्या. नातीने दोनदा विचारलं, "आजोबा, नक्की पोस्ट करायचं?" करायचं.

निर्मला घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचं काम करायची. सॅम्पलचं. शेठ डिझाइन सांगायचा, ती पहिला हार बनवायची, आणि तो समोर ठेवून बाकीच्या बायका माल काढायच्या.

एक मणी तिरका लागला तरी पूर्ण हार उसवायची.

मी म्हणायचो, "अगं, कोण बघतंय?"

"अहो, सॅम्पल म्हणजे आपलं तोंड. मळकं तोंड घेऊन कोणी बाजारात जातं का?"

शेठ म्हणायचा, "भाभी का पीस देखना नहीं पडता. सीधा पास."

मी फोटो स्टुडिओत डार्करूमला होतो. आमचंही तेच. बाहेरच्या शोकेसमध्ये शंभरातला एक फोटो लागायचा. डोळे मिटलेली नवरी कोण लावेल?

मग निर्मलाला खोकला लागला. दीड महिना झाला तरी जाईना. डॉक्टरांनी एक छोटी बाटली दिली. म्हणाले, पहाटे उठल्याउठल्या छातीतला कफ खोकून यात काढा आणि लॅबमध्ये द्या.

पहिल्या दिवशी आलं ते घट्ट, पिवळं. त्यात लाल रेघ.

दोघांनीही पाहिली. निर्मलाने पटकन झाकण लावलं.

"हे नका देऊ."

"मग?"

"उद्या चांगलं येईल, ते द्या. त्या लॅबवाल्या बाई काय म्हणतील?"

मी मुळातला भित्रा माणूस. मला वाटलं, लाल दिसलं तर हिला ॲडमिट करतील. शेठ काम दुसरीकडे देईल. बिल्डिंगमधली माणसं आमच्याकडे पाणी पिणार नाहीत.

बाटली मोरीत ओतली. गरम पाण्याने, साबण लावून दोनदा धुतली. उन्हात वाळवली.

दुसऱ्या दिवशी निर्मलाने दात घासले, चहा घेतला आणि मग बाटलीत थुंकली. पांढरं, स्वच्छ. मुलीला शाळेत सोडायला निघालो, तेव्हा वाटेत तेच मी लॅबमध्ये नेऊन दिलं.

मला कळायला हवं होतं. मोठा फोटो छापण्याआधी आम्ही कागदाची बारीक पट्टी कापून टेस्ट घ्यायचो. ती पट्टी मी कधी फोटोतल्या मागच्या कोऱ्या पडद्यावर ठेवली नाही. चेहऱ्यावर ठेवायचो. बिघडणार असेल तर तिथेच आधी दिसायला हवं.

रोज हे काम करत होतो मी.

संध्याकाळी रिपोर्ट आणायला गेलो तर शैलाताई म्हणाल्या, "दादा, ही नुसती लाळ आहे. यात काय दिसणार? उद्या पहाटेचं घट्ट येईल ते आणा."

"आणतो ताई."

"नक्की आणा. मी आज 'काही सापडलं नाही' एवढंच लिहितेय. ते शेवटचं धरू नका."

मी तेच शेवटचं धरलं. डॉक्टरांना सांगितलं, सगळं दिलं, काही निघालं नाही. त्यांनी खोकल्याचं औषध बदललं.

निर्मला हसली. "बघा, झालं की नाही पास?" त्या दिवशी तिने शिरा केला.

चार महिन्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, टीबी आहे. दोन्ही फुप्फुसं गेलीत. फार उशीर केलात.

पंधरा दिवसांत निर्मला गेली.

तेराव्यानंतर माझा मेव्हणा वसंत मला लॅबमध्ये घेऊन गेला. तिथे सहा-सात पेशंट बसलेले.

"काय तपासलंत हो तुम्ही? डोळे जागेवर होते का? बहीण खाल्लीत माझी."

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबल्या.

मी म्हणालो, "जाऊ दे वसंता. माणसाकडून चूक होते."

पुढे कित्येक दिवस लोक सांगत होते, बघा, काय मोठं मन आहे या माणसाचं.

महिनाभरात शैलाताईंना कामावरून काढलं. नंतर हाटकेशला एका कारखान्यात पॅकिंगला जातात असं कळलं. मायक्रोस्कोपवर बसणारी बाई.

एकदा भाजी घेताना समोर आल्या. मला पळायला जागा नव्हती.

"दादा, मुलगी कितवीला गेली?"

"पाचवीला."

"दूध देता ना तिला? आणि खोकला झाला तर अंगावर काढू नका."

एवढंच बोलल्या. कोथिंबीर घेऊन गेल्या.

आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या मुलाने खुर्ची दिली, पाणी दिलं. विचारलं, "काका, तुम्ही आईला कसे ओळखता?"

म्हणजे त्यांनी घरी कधी माझं नावसुद्धा काढलं नव्हतं.

मी म्हणालो, "जुना पेशंट आहे." आणि उठून आलो.

वसंता, तू हे वाचशील. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पण उद्या माझ्याबरोबर त्या मुलाकडे चल. एकटा गेलो तर मी परत काहीतरी खोटं सांगून येईन.

शैलाताई, तुमची काही चूक नव्हती. तुमच्या फोटोला हात जोडायलाही आज लाज वाटली. इथूनच जोडतो.