बहिणीच्या परसात खोचलेलं बेशरम

माझी बहीण समुद्राकाठच्या गावात दिली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो, तेव्हा परसातली भाजी शेजारच्या शेळ्या फस्त करत होत्या. आमच्या मालेगावाकडे यावर सोपा इलाज आहे, बेशरमचं कुंपण. फुलं जांभळी, जनावर तोंड लावत नाही, फांदी खोचली की लागते. पुढच्या खेपेला मी पिशवीभर फांद्या एसटीनं नेल्या आणि मोठ्या ऐटीत खोचून दिल्या.

कुंपण परसात थांबलं नाही, ओहोळापर्यंत पोचलं. बहिणीचा फोन आला, "दादा, हे काही आवरून नाही राह्यलं."

मी मोबाईलवर व्हिडिओ उघडले. एकजण म्हणाला मीठ टाका. दुसरा म्हणाला औषधी आहे, काढू नका. तिसरा म्हणाला तोडून वाहत्या पाण्यात सोडा. तिसऱ्याचा आवाज भारदस्त होता, म्हणून मी तिला तेच सांगितलं. नसता शहाणपणा करायची माझी जुनी खोड. तुकडे वाहत गेले, जागोजागी रुजले आणि तिच्या सासऱ्यांच्या भाताच्या खाचरात झाडं उभी राहिली. त्या खाचरात त्यांचा जीव. त्यांनी सुनेशी बोलणंच टाकलं.

तेव्हा कुठे मी आमच्याच भागातल्या कारंजाला गेलो, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांकडे. त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. खाचरात पानी किती दिवस राह्यते? खारं का गोडं? 

"मुळासकट उपटून, पान्यापासून दूर, कडक वाळवा लागते, एवढं मले मालूम हाय," ते म्हणाले. "पन तिथल्या जमिनीचं मले मालूम नाही. तिथल्याच मानसाले विचारा."

इतक्या जणांत 'मला माहीत नाही' म्हणणारे ते पहिलेच. त्यांच्यावर माझा तिथेच विश्वास बसला. त्यांचा एक विद्यार्थी बहिणीच्या गावाकडच्या कॉलेजात शिकवत होता. तो आपणहून खाचर बघायला गेला. बहिणीने मला व्हिडिओ कॉल लावला होता.

"हे आलं कुठून?" त्याने विचारलं. "वरच्या अंगाला आणखी असेल, तर नुसतं खाचर साफ करून भागणार नाही."

सासरे शेजारीच उभे होते. बहीण म्हणाली, "मीच लावलं होतं, परसात."

हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती, ते तिच्या आवाजावरून कळलं. इतके महिने सासऱ्यांचा अबोला तिने सोसला आणि माझं नाव एकदाही घेतलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामाजी," मी सासऱ्यांना म्हणालो, "फांद्या मी आणल्या. तोडून पाण्यात सोडायलाही मीच सांगितलं."

 मग सासरे म्हणाले, "तर मग उपटायला या."

गेलो. गुडघाभर चिखलात उतरून झाडं उपटली, उंच कातळावर वाळत टाकली. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी बांधावरून सुनेला हाक मारली आणि दोन कप चहा आण म्हणाले. इतक्या महिन्यांत तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ती घराकडे धावली. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी मान खाली घालून उपटत राहिलो.