ग्लोरिया जागची उठली नाही

ग्लोरिया नायगावची. बरीच वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवला, मग चंदनसारच्या एका लहान खासगी इस्पितळात कॉम्प्युटरची सगळी यंत्रणा सांभाळू लागली. तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

त्या दुपारी लॅबच्या लिनक्स कॉम्प्युटरवर प्रिंटरवाला संकेत नवा प्रिंटर बसवत होता. प्रिंटर चालवणारा ड्रायव्हर चढेना, म्हणून त्याने नेटवरून लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून येतं ते कोठार, जोडून टाकली. अर्धी पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, नव्या कोठारातली, अर्धी जुन्यातली, एकमेकांशी पटेनात. लॅबचा प्रोग्रॅम उघडायचाच बंद झाला आणि रक्ताचे रिपोर्ट आत अडकले. संकेतला बाजूला करून ग्लोरिया स्वतः दुरुस्तीला बसली.

बाहेर वॉर्डात चिराग नावाच्या तरुणाचे वडील खाटेवर होते. हृदयाचे ठोके चुकत होते. रक्तातलं पोटॅशियम कळल्याशिवाय डॉक्टर औषध ठरवू शकत नव्हते.

"रिपोर्ट कुठे आहे?" चिराग काउंटरवर ओरडला.

"सिस्टीम डाउन आहे," लॅबमधून काउंटरवर आलेला संकेत म्हणाला.

चिरागने त्याची कॉलर धरून तोंड भिंतीवर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज ग्लोरियाला लॅबमध्ये ऐकू आला. चिरागबरोबरच्या माणसांनी काउंटरची काच फोडली, खुर्च्या भिरकावल्या. वॉचमन जयरामने लॅबचं दार आतून लावून घेतलं, पण त्याची बोटं फटीत सापडली. खिडकीतून हेल्मेट आलं आणि ग्लोरियाच्या भुवईवर बसलं. डोळ्यात रक्त उतरलं.

"बाय, मागच्या दारानं चला! ही मानसं जीव घेतील."

"आणि पेशंट कुठून जाईल, जयराम?"

ओढणी कपाळाला घट्ट बांधून ती पुन्हा कीबोर्डवर वाकली. दारावर लाथा बसत होत्या, बिजागरी हलत होती. तिने नवी रिपॉझिटरी काढली, कोणतं पॅकेज कुठून आलंय ते तपासलं आणि एकेक जुन्या आवृत्तीवर परत आणलं. एक हटेना. प्रिंटरचा ड्रायव्हर त्याला धरून बसला होता. आधी तो उडवला, मग बाकीची गाठ सुटली. प्रोग्रॅम उघडला.

पोटॅशियम भलतंच वाढलेलं होतं. तिने फोनवर डॉक्टरांना आकडा सांगितला, दोनदा. इंजेक्शन गेलं. हळूहळू म्हाताऱ्याचे ठोके जागेवर आले, तशा दारावरच्या लाथाही थांबल्या.

पोलीस आले तेव्हा चिराग ड्रेसिंग रूममध्ये बसला होता. फुटलेल्या काचेने त्याचा तळहात फाटला होता. शेजारच्या स्टुलावर जयवंती सिस्टर ग्लोरियाला टाके घालत होती.

"मॅडम, बाबा वाचले. माझं डोकंच फिरलं होतं. कंप्लेंट नका ना करू, प्लीज."

"तुझे बाबा वाचले, मला खरंच बरं वाटलं," ती म्हणाली. "पण संकेतचं नाक तू फोडलंस. तक्रार मी देणार."

तिने दिलीही. सही केल्यावर सिस्टरने दिलेला चहाचा कप घेऊन ती पुन्हा लॅबच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.