सडकेकडची नऊ एकर काळी

सरजाबाई पाटील चिडली की आधी पदर कमरेला खोचायची आणि मग तोंड उघडायची. त्या सकाळी पदर खोचून ती थेट तुरीत घुसली. तिच्या सडकेकडच्या रानात मोजणीवाल्यांनी चुना फासलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. तिने एकेक खुंटी उपटली, धुऱ्याच्या बांधापलीकडे भिरकावली आणि मोजणीवाल्या बाबूला म्हणाली, "कुणाला इचारून पाय ठिवलास रं? तुझ्या बापानं आंदण दिलंय का माझं रान?"

बाबू बिचारा हुकमाचा ताबेदार. म्हणाला, "मावशी, बायपासची आखणी बदललीय. आता रस्ता इथनं जाणार."

बदलली म्हणे! आखणी काय झोपेत कूस बदलते? आधी तो रस्ता गावामागच्या मुरमाड माळावरून जायचा होता. तिथे कुसळंसुद्धा धड उगवत नाहीत. पण लातूरला शिकवणी वर्गांची जत्रा भरली, हदगाव-भोकरपासूनची पोरं डॉक्टर व्हायला येऊन पडली, त्यांना राहायला खोल्या पुरेनात, आणि औशाच्या वाटेवरच्या आमच्या बोरनाळचा माळसुद्धा हॉस्टेलवाल्यांना गोड लागू लागला. आमदाराच्या मेव्हण्याने तिथे प्लॉट पाडले. मग प्लॉटातून रस्ता कसा न्यायचा? तो न्यायचा विधवेच्या काळ्या रानातून. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय!

हे रान सरजाबाईच्या स्वतःच्या नावावर होतं. त्यात सासऱ्याचं प्रेम उतू गेलं होतं असं नाही. सिलिंगचा कायदा आला तेव्हा जास्तीची जमीन सरकारात जाऊ नये म्हणून म्हाताऱ्याने ती ज्याच्या-त्याच्या नावावर चढवली आणि सुनेच्या वाट्याला ही नऊ एकर आली. नाव कागदापुरतं, असं त्याचं गणित. पण सरजाबाईने गणित मोडलं. दुसऱ्या वर्षापासून त्या रानात काय पेरायचं ते ती ठरवू लागली, आणि नवऱ्याने तोंड वाकडं केलं तर म्हणायची, "माझं हाय ते. तुमचं तुमी बघा."

सासरा गेला, त्याच्यामागे भूकंप आला. गणपती बुडवून लोक निजले होते, ते कित्येक उठलेच नाहीत. ज्यांच्या भिंती रुंद, त्यांच्या घरी मढी जास्त. तिचा नवरा त्यात गेला. बाकी जमिनीत भावकीने हिस्से काढले, भांडणं लावली, विकून खाल्ली. सडकेकडची काळी तेवढी शाबूत राहिली, कारण तिच्यावर पाय रोवून ही बाई बसली होती. तिच्याच जोरावर तिने सिद्धेश्वरला, एकुलत्या एका लेकाला, वाढवलं.

सरकारने नवं गाव वसवलं तेव्हा ज्याची जितकी जमीन तितकं मोठं घर दिलं. सरजाबाईला मोठं मिळालं, तिच्या जुन्या सालगड्याला, ग्यानोबाला, टीचभर. पण ओळ एक, नळ एक, मारुतीचं देऊळही मधोमध सगळ्यांना सारखंच जवळ. जुन्या गावात पाटलाच्या दारावरून जाताना लोक पायतण हातात घ्यायचे. इथे ग्यानोबाची नात सायकलची घंटी वाजवत दारावरून जायची आणि सरजाबाईच्या कपाळाची शीर उडायची. तिला वाटायचं, धरणी हलली ती हलली, पण लोकांची अक्कलही हलवून गेली. खोटं कशाला बोला, तिचा राग काही सगळाच न्यायाचा नव्हता.

खुंट्या उपटून ती तशीच लातूरला गेली. आमदाराचा बाप तिच्या सासऱ्याच्या ओट्यावर मतांसाठी दोन-दोन तास बसून असायचा. 'मालक, एवढ्या बारीला सांभाळून घ्या' असं म्हणताना त्याची टोपी हातात असायची. तिने स्वतः त्याला चहा पाठवला होता. एक शब्द टाकला की आखणीची रेषा जाईल परत माळावर, अशी तिची खात्री.

आमदाराचं ऑफिस एका शिकवणीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर होतं. दर तासाला वरून पोरांचा लोंढा जिना उतरायचा आणि दारातल्या खुर्चीवर बसलेल्या सरजाबाईच्या गुडघ्यांना दप्तरं घासत जायचा. दुपार कलली. साहेब आले नाहीत. त्यांचा पीए आला, मोबाइलमधून मान वर न काढता त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, गावात तुमच्या मागं माणसं किती हायत?"

"म्हंजी? आख्खं गाव हाय."

"मग ग्रामसभेचा ठराव आणा. गाव एकमुखी इरोधात हाय म्हणा, साहेब बघतेत काही जमतंय का. नुस्तं तुमच्या एकटीसाठी रस्ता वाकवता येत न्हाई."

एका मेव्हण्यासाठी वाकवता येतो, ते कसं? हे तिच्या ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात पुन्हा लोंढा उतरला.

सिद्धेश्वर लातुरातच राहायचा, पोरांची मेस चालवायचा. ती त्याच्याकडे गेली. तो पोळ्यांच्या डब्यांमागून बोलला, "आई, मावेजा चांगला मिळून राहिलाय. पैसे घे आन् मोकळी हो. रिंग रोडला हॉस्टेल टाकतो मी."

"मी कुणापुढं भीक मागून राहिले न्हाई. ग्रामसभेला ये, माझ्या शेजारी बस."

"परीक्षेचे दिवस हायत. मेस सोडून कसं येऊ?"

पोटचा गोळा, पण तिला त्या क्षणी त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पाणीही न पिता ती परतली.

गावात चुलत दीर मलप्पाने चांगला सल्ला दिला. "वैनी, घरोघर जावा. दारात उभं राहून हात जोडा. आता तसंच करावं लागतंय."

"पाटलाच्या घरची बाई दारं हुंगत फिरंल व्हय?" तिने त्याला उडवून लावलं. तिच्या घराची रीत वेगळी होती. मताच्या आदल्या दिवशी कोतवालाच्या हातून घरटी एक सुपारी जायची. सुपारी ठेवून घेतली की शब्द दिला. सासऱ्याच्या हयातीत एकही सुपारी परत आली नव्हती, आणि एकही मत इकडचं तिकडं झालं नव्हतं. सरजाबाईने तेच केलं. सुपाऱ्या निवडून, पुसून तिने घरोघर पाठवल्या.

लोकांनी घेतल्या. का नाही घेणार? म्हातारी बाई सुपारी पाठवते, कुणी खाल्ली, कुणी पूजेला ठेवली. आता तिचा अर्थ कोणाला ठाऊक! ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक होता, तेही गप्प राहिले. परत आली फक्त एक, ग्यानोबाची.

मग काय विचारता! त्या रात्री तिने ग्यानोबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वीस वर्षं आमच्या घरचं खाल्लं, आणि आता उलटला. सगळं गाव आपल्या बाजूला आणि हा एकटा साप अस्तनीत, असा तिचा हिशेब झाला. असा हिशेब आमच्याकडची पाटीलकीच करू जाणे.

ग्रामसभा मारुतीपुढच्या मंडपात भरली. ग्रामसेवकाने वाचून दाखवलं, "श्रीमती सरजाबाई पाटील यांची जमीन रस्त्यासाठी घेऊ नये, असा ठराव आहे. बाजूचे असतील त्यांनी हात वर करावेत."

सरजाबाईने मान वळवून गावाकडे पाहिलं. मलप्पा चपलेचा अंगठा चाचपत होता. रस्ता काळीतून गेला की त्याचं मागचं रान सडकेला लागणार होतं. भावकी त्याच्याकडे बघून गप्प. ज्यांची लग्नं तिच्या सासऱ्याने लावून दिली ते गप्प. बायका पदर दाताखाली धरून गप्प.

तेवढ्यात मागून एक हात वर आला. ग्यानोबाचा.

"तू?" सरजाबाई उभीच राहिली. "सुपारी परत धाडलीस आन् हात कशाला वर करून राहिलास? माझी थट्टा करतूस?"

"थट्टा न्हाई, बाई." ग्यानोबाने हात खाली घेतला नाही. "सुपारी घिऊन मी मत देत नसतो. पर ज्याचं रान त्याला न इचारता घेऊ नये, ह्ये खरं हाय. म्हून हात."

"मोठा आला खऱ्याचा!"

"माझा बाप मेला तवा त्याची मयत तुमच्या धुऱ्यावर आडवली तुमी. मसणवाट तिकडं जुन्या गावाला ऱ्हायली, सरळ वाट तुमच्या रानातनं. तूर उभी हाय, रान माझं हाय, फिरून जावा, आसं म्हणला तुमी. भर पावसात आमी सडकेनं फिरून गेलो. चिखलात खांदेकरी पडले, मढं पडलं. लई शिव्या दिल्या तुमाला. पर रान तुमचंच व्हतं, ह्ये तवाबी खरंच व्हतं. आज मी हात खाली ठिवला तर माझ्या शिव्या नुस्त्या वैराच्या, खोट्या ठरत्यात."

कोणी तिच्यावर थुंकलं असतं तर तिने त्याला उभा फाडला असता. पण हे? ज्याला तिने मढ्यासकट वाट नाकारली, तोच तिच्या हक्काची राखण करत उभा! तिच्या अंगाची लाही लाही झाली. मलप्पाचा राग, आमदाराचा, पोटच्या पोराचा, सगळा राग गोळा होऊन त्या वर आलेल्या एका हातावर तुटून पडला.

"खाली घे तो हात!" ती ओरडली. "तुझी दया नको मला! खाली घे म्हणते ना!"

"न्हाई घ्यायचो," ग्यानोबा म्हणाला.

ती ओरडतच राहिली. ग्रामसेवक जरा वेळ थांबला, त्याने तिच्याकडे दोनदा पाहिलंही. मग त्याने मोजून 'बाजूने एक' असं लिहिलं आणि नळपट्टीचा विषय पुढे घेतला. एकच, कारण आपल्याच रानासाठी आपलाही हात वर करावा लागतो, हे सरजाबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं.