कानबाईच्या पंगतीत हेर

मी हेरांच्या कादंबऱ्या लिहिते. इंग्रजांच्या अमदानीतल्या. माझी नायिका कापसाच्या गाठीत निरोप लपवून तापी ओलांडते, गोऱ्या अंमलदाराच्या बंगल्यावर भाकऱ्या थापते आणि थापता थापता त्याच्या दुभाष्याच्या प्रेमात पडते. प्रकाशक म्हणतात, प्रेम वाढवा. वाचक म्हणतात, गोळीबार वाढवा. आमच्या जळगावातल्या कॉलनीतल्या बायका म्हणतात, "अहो, इतक्या चांगल्या भाकऱ्या येतात हिला, तर ही बया घरी का बसत नाही?" आमच्या ह्यांचं म्हणणं असं की मला साधी वाढदिवसाची भेट दोन दिवस लपवता येत नाही, मी राज्याची गुपितं कसली लपवणार! ह्या माणसाने माझं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही, त्यामुळे मी त्याच्या मताला किंमत देत नाही.

पण एक गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती, आणि ती मी कादंबरीत सोयीस्करपणे गाळते. खानदेशात हेरगिरी करणं अशक्य आहे. माझी नायिका या गावातून त्या गावात जाते आणि तिला कुणी काही विचारत नाही. खऱ्या आयुष्यात एसटीत चढून बूड टेकायच्या आत शेजारची बाई विचारते, "कोन गावनी व माय? कोनाकडे चालनी?" आणि उत्तर दिल्याशिवाय ती तुम्हाला खिडकीसुद्धा उघडू देत नाही.

हे सगळं माहीत असून गेल्या श्रावणात मी हेर झाले, ते माझ्या पुतणीपायी. म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा तिच्या वेण्या मीच घातल्या, तिच्या शाळेतली भांडणंही मीच भांडले. एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, शेंगदाण्याच्या डब्यात हात घातला आणि म्हणाली, "काकू, मला जे स्थळ आलंय ना, शिंदखेड्याकडचं, धुळ्याला सरकारी ऑफिसात नोकरीला असलेलं, ते आलेलं नाहीये. आम्ही आणवलंय."

कॉलेजात असल्यापासून दोघांचं जमलेलं होतं. मध्यस्थाला हाताशी धरून त्यांनी स्थळ वळणावळणाने घरी पोचवलं होतं. मला इतका अभिमान वाटला! माझ्याच पुस्तकातली युक्ती होती ती.

अडचण माझ्या दिरांची होती. त्यांना गरिबी चालते, सावळा रंग चालतो, पत्रिका तर ते उघडूनही बघत नाहीत. खोटं मात्र त्यांना अजिबात खपत नाही. त्यांच्या बहिणीला एका गोडबोल्या, थापाड्या माणसाच्या घरी दिलं होतं, ती आयुष्यभर भोगते आहे. आणि आता कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की शिंदखेड्याकडचा मुलगाही तसाच, तोंडावर एक आणि मागे एक. "नीट चौकशी झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," ते म्हणाले. आमच्याकडे चौकशी म्हणजे त्या गावात गुपचूप जायचं, चहाच्या टपरीवर बसायचं, शेजारीपाजारी हळूच विषय काढायचा आणि आपण कोण ते कळू द्यायचं नाही. घरात हेरकथा लिहिणारी एकच होती. दिरांनी मला हाक मारली.

पुतणी रात्रभर रडलेली होती. "बाबा नाही म्हणाले तर मी पळून जाणार नाही, काकू," ती म्हणाली. "त्यांना मी तसं करू शकत नाही. पण मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही." ती उगाच धमक्या देणारी मुलगी नाही. एका बाजूने दिरांनी मला पाठवलेलं, दुसऱ्या बाजूने पुतणीने. म्हणजे मी एकदम दुहेरी हेर झाले. असलं पात्र कादंबरीत मी नेहमी शेवटच्या प्रकरणात मारते.

दिवस मी मोठ्या हुशारीने निवडला. त्या घरी नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई, आमची खानदेशची कुलदेवी, बसणार होती. आमच्याकडे ती पुढच्या रविवारी असते; ज्याच्या त्याच्या घराण्याची रीत. कानबाईच्या दिवशी घराचं दार सताड उघडं असतं. सजवलेल्या नारळाला नथ घातलेली, गाणी चाललेली, बायका फुगड्या घालताहेत, कुणीही दर्शनाला यावं आणि हळदीकुंकू लावून जावं. अशा गर्दीत मी शिरणार, तासभर कान उघडे ठेवणार आणि जेवणाआधी सटकणार. सासूबाईंचं जुनं नऊवारी काढलं, डोक्यावरून पदर घेतला, लाल काड्यांचा चष्मा काढून पिशवीत ठेवला. चष्म्याशिवाय मला बसची पाटी वाचता येत नाही, त्यामुळे धुळ्याच्या स्टँडवर मी चुकून नंदुरबारच्या गाडीत बसले होते. कंडक्टरने हाताला धरून उतरवलं.

गावात पोचले. घर सापडायला काही कष्ट पडले नाहीत, गाण्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आत गेले, कानबाईपुढे डोकं टेकलं आणि उठते तर समोर मुलाची आजी. सगळं गाव तिला अक्का म्हणतं. बारीक चणीची, हातात जपमाळ, नजर मात्र सीआयडीची.

"ये माय, बठ. कोन गावनी शे तू?"

आता इथे शहाणी बाई म्हणाली असती, शेजारच्या गावची. पण माझ्यातली लेखिका जागी झाली. हेराला नुसतं गाव पुरत नाही, त्याला इतिहास लागतो! माझं माहेर धुळ्याचं, अहिराणी माझ्या तोंडात बसलेली. मी म्हटलं, "सुरतनी शे मी अक्का. मन्हा आजेसासरा आठूनच गयथा सुरतले, कपडाना मिलमा. कानबाईना दर्शनले ऊनू." आणि आडनाव सांगितलं ते त्यांच्याच घराण्याचं.

खानदेशातल्या प्रत्येक घराण्याची एक शाखा सुरतेला गेलेली असते. आणि प्रत्येक घर तिची वाट बघत असतं. मी हे लक्षात घ्यायला हवं होतं. अक्काचे डोळे भरून आले. "दखा रे! सुरतवाला आम्हना भाऊबंद ऊनात! कानबाईनीच धाडं इले!" फुगड्या थांबल्या. चुलत्या-पुतण्या सगळ्या माझ्याभोवती जमल्या. कुणी माझे हात धरले, कुणी माझ्या तोंडात पणजोबांचं नाक शोधलं, आणि मी सून म्हणून आले होते तरी सापडलं म्हणे. मुलाचे वडील, ज्यांच्या रागाची ख्याती मध्यस्थाने आधीच ऐकवली होती, ते स्वतः पाट घेऊन आले. "रोट खायाबिगर जावानं नही," अक्काने बजावलं.

रोट हा शब्द ऐकला आणि मी पिशवी उचलून दाराकडे पाहिलं.

सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. कानबाईला घरातल्या पुरुषांच्या मुठींनी गहू घेतात, ते दळून त्याच्या पोळ्या करतात, तो रोट. तो आणि त्या ताटातलं सगळं फक्त एका कुळाने खायचं. भाऊबंद कितीही लांबचा असो, त्याला घास द्यायचा. परका कितीही जवळचा असो, त्याला कणभरही नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही माहेरचा रोट चालत नाही, कारण तिचं कूळ बदललेलं असतं. थोडक्यात, ज्याने रोट खाल्ला तो त्या कुळाचा, आणि ह्यावर कोर्टसुद्धा काही करू शकत नाही.

आणि एका कुळात लग्न होत नाही.

मी त्या पोळीचा तुकडा मोडला असता, तर मी त्यांची भाऊबंद. म्हणजे माझे मिस्टर त्यांचे भाऊबंद, म्हणजे दीर, म्हणजे पुतणी. उद्या बोलणी करायला आमची माणसं या ओसरीवर आली असती, तर अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली असती, हाई तं आपली सुरतवाली शे. माझी पुतणी आणि तो मुलगा एका घासात बहीणभाऊ झाले असते. इतकी वर्षं मी खलनायकांना कारस्थानं सुचवते आहे, पण प्रेमाचा असा सफाचट निकाल लावणारं एकही कधी सुचलं नव्हतं.

खाल्लं नसतं तर? कानबाईचा रोट नाकारणं म्हणजे भरल्या घराचा अपमान. आणि खरं सांगितलं असतं तर मुलीच्या घरचा हेर सणाच्या दिवशी खोटं नाव सांगून पंगतीत बसला, हे त्या तापट वडिलांना कळलं असतं, आणि स्थळ तिथल्या तिथे मोडलं असतं. ताट समोर आलं. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आमटी आणि मधोमध पोळी. वास इतका सुंदर की मला रडू येऊ लागलं. सकाळपासून मी काही खाल्लेलं नव्हतं, हेही खरं.

इतक्यात खिरीचं पातेलं घेऊन मुलगा आला. फोटोत पाहिलेला होता, त्यापेक्षा जरा काळा आणि जरा बरा. ओळीने वाढत वाढत माझ्यापाशी पोचला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातली पळी थांबली. पुतणीने त्याला माझं पुस्तक दिलं होतं. पुस्तकाच्या मागे माझा फोटो आहे, नऊवारीतला, डोक्यावर पदर घेतलेला, आणि लेखिका गंभीर दिसावी म्हणून चष्मा काढून काढलेला. माझं वेषांतर माझ्याच फोटोबरहुकूम झालं होतं.

त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं. सगळं त्याच्या लक्षात आलं, चेहऱ्यावरून दिसलं मला. मी मान हलवली, गप्प राहा, मी काहीतरी करते, चक्कर आल्याचं सोंग करते, अशा अर्थाने. त्यालाही गप्प राहणं सोपं होतं. एखादी थाप मारून, मला फोन आलाय असं सांगून, तो मला उठवू शकला असता. मी असते तर तेच केलं असतं.

"अक्का," तो म्हणाला, "यास्ले रोट वाढू नको."

"काबर रे?"

"त्या आपला भाऊबंद नहीत."

ओळीतले हात थांबले. वडिलांनी वर पाहिलं. "मंग कोन शेत?"

मुलाने पातेलं खाली ठेवलं, बहुतेक सांडू नये म्हणून. "जळगावन्या शेत. ज्या पोरनं स्थळ ऊनं शे, तिन्या काकू. आणि आबा, ते स्थळ मध्यस्थनी आनेल नही. आम्हीच आनेल शे. कॉलेजपाइन वळखतस आम्ही एकमेकले. मी तुमले आधीच सांगाले जोयजे व्हतं."

माझे नायक धावत्या घोड्यावरून उड्या टाकतात. संगिनींच्या रांगेपुढे शिट्टी वाजवतात. पण आपल्या बापासमोर, भरल्या पंगतीत, हातात खिरीची पळी घेऊन असलं वाक्य बोलायची त्यांतल्या एकाचीही छाती नाही. मला त्या मुलाला उठून कडकडून मिठी मारावीशी वाटली. जी चौकशी करायला मी आले होते ती झाली होती.

वडिलांच्या कपाळावरची शीर मला चष्म्याशिवायही दिसत होती. मी तोंड उघडलं, माफी मागायला की भांडायला ते माझं मलाच ठरत नव्हतं. पण अक्का माझ्या आधी हलली. ती वाकली आणि माझ्या पुढ्यातलं ताट तिने दोन्ही हातांनी उचललं.

"मंग इतला वखत काय तोंड दखी रायनात?" ती सगळ्यांवर ओरडली. "सोयरा शेत त्या! सोयरास्ले रोट चालस का?"

सोयरा! मी परकी होते म्हणून ताट गेलं, आणि सोयरी होते म्हणूनच गेलं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने सगळ्यांसमोर निकाल दिला होता. वडिलांनी अक्काकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चहा तं चालस ना?" ते घुश्शातच म्हणाले. "ठेवा मंग चहा." सगळी पंगत जेवली आणि मी कोपऱ्यात बसून चहात केळं बुडवून खाल्लं. इतकं चविष्ट जेवण मला कधी मिळालेलं नाही.

घरी आल्यावर दिरांना मी घडलं ते घडलं तसं सांगितलं, फुगड्यांसकट. सांगताना त्यात एक गोळीबारही घालावा असा मोह झाला, पण नाही घातला. पुतणी दाराआड उभी होती. "बापासमोर बोलला?" दिरांनी विचारलं. मी म्हटलं, "बापासमोर." "मग द्यायला हरकत नाही," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले. पुतणीने माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की माझा चष्मा मोडला.

पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसली. आम्ही सगळे एका ओळीत जेवायला बसलो, पुतणी मधोमध, नुसती खिदळत होती. ती जेवता जेवता मला डोळा मारून म्हणाली, "काकू, आता तुझ्या पुढच्या पुस्तकात खिरीची पळी आलीच पाहिजे हं." मी हसले. दीर वाढायला उठले होते. ते एरवी कधी वाढत नाहीत, पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेत नाहीत. त्यांनी तिच्या ताटात एक पोळी टाकली. तिने ती खाल्ली. त्यांनी दुसरी टाकली. "बाबा, बस ना, पोट फुटेल," ती म्हणाली. त्यांनी तिसरी टाकली, तुपाची वाटी तिच्याकडे सरकवली. मी म्हणायला गेले, दादा, पुरे आता. आणि मग मला कळलं, पुढच्या श्रावणात या घरच्या रोटाचा घास तिला चालणार नव्हता. मी पोळ्यांची दुरडी उचलली आणि त्यांच्या हाताशी नेऊन धरली.