खेकड्यांचा खोटा आकडा

उरणकडच्या आमच्या खाडीतले खेकडे मोजायला साहेब आले, तेव्हा मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. खाडीत भराव घालायचा होता, त्याआधी तिथे किती जीव राहतात याचा अहवाल हवा होता. वाट दाखवायला आई आणि चिखलात उतरायला मी. आईची सगळी उमर खेकडे धरण्यात गेलेली.

मोजायची पद्धत मला फार आवडली. खेकडे धरायचे, पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, सोडायचे. काही दिवसांनी पुन्हा धरायचे. शंभरांना ठिपका दिला आणि नंतर दहांत एक ठिपकेवाला निघाला, तर खाडीत साधारण हजार.

पण साहेबांना घाई होती. दुसऱ्याच दिवशी त्याच जागी, तेच आमिष घालून त्यांनी माझ्याकडून पिंजरे लावून घेतले. निम्म्याहून जास्त ठिपकेवालेच आले, म्हणजे हिशोबाने खाडीत खेकडे फारच थोडे.

"साहेब, काल यांना हितं खाना मिलला, म्हनून तेच परत आयलेत," आई म्हणाली. "बाकीचे आत खारफुटीत हायत."

"बाई, तुम्ही खेकडे धरा. शास्त्र आम्हाला शिकवू नका." साहेब सोबतच्या माणसांकडे बघून हसले. तेही हसले. आईने चिखलाचे हात पदराला पुसले आणि पुढचा पिंजरा उचलला.

अहवालात लिहिलं होतं, खेकड्यांची संख्या नगण्य. शेवटच्या पानावर आम्ही होतो: 'दोन स्थानिक मजूर'.

मी एम.एस्सी.ला हाच विषय घेतला. आवड म्हणून, असं सांगायचे. खरं तर मला त्या साहेबांना खोटं पाडायचं होतं. भरावावरची सुनावणी लांबत गेली, ते माझ्या पथ्यावरच पडलं. दोन हिवाळे आम्ही मायलेकी खाडीत उतरलो. दर वेळी पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या, ठिपकेवाल्यांना पांगायला दिवस दिले. आकडा साहेबांच्या कितीतरी पट निघाला.

सुनावणीत मी माईक घेतला आणि साहेबांना विचारलं.

"दुसऱ्या दिवशी पिंजरे हलवले होते?"

"तपशील आठवत नाही."

"मला आठवतो. मीच लावले होते. तुमची स्थानिक मजूर."

मग आमच्या दिवसवार नोंदी वाचल्या, सावकाश, एकही न गाळता. त्यांचा चेहरा उतरत गेला तशी मी आणखी सावकाश वाचू लागले. नव्याने मोजणी करायचा आदेश निघाला, साहेबांना वगळून.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "झालं ते झालं. माझी बाकीची कामं आहेत, तेवढं..."

"तीही बघणार आहे," मी म्हणाले.

त्यांच्या जुन्या अहवालांसाठी मी माहिती अधिकारात अर्ज टाकले. पहिला अहवाल परवा आला, हरिहरेश्वरकडच्या एका खाडीचा. आई म्हणते, "आता सोर त्याला, जाऊ दे." मी तिकडे न्यायचे पिंजरे धुऊन अंगणात वाळत घातलेत.